चाळीत दारं उघडीच असायची, मग काचेच्या घरांची भीती का वाटते?

पोटमाळा

रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वुई' कादंबरीतल्या माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. निवेदकाचा नंबर डी-५०३. घरं सगळी काचेची. पडदे खाली सोडायचे तर गुलाबी कुपन लागतं, आणि तेही ठरल्या माणसाबरोबर, ठरल्या वेळेपुरतं. उठणं, जेवणं, फिरायला जाणं सगळं एका ठोक्याला. घास पन्नास वेळा चावायचा, हाही नियमच. दिवसातले दोनच तास ज्याचे त्याचे, दुपारी चार ते पाच आणि रात्री नऊ ते दहा. आणि या बाबाला खंत कसली, तर हे दोन तास अजून सरकारी तक्त्यात बसलेले नाहीत याची!

पुस्तक लिहिलं गेलं १९२०-२१ मध्ये. इंग्रजीत १९२४ साली न्यूयॉर्कला आलं, खुद्द रशियात छापायला १९८८ उजाडलं. ऑर्वेलने १९४६ मध्ये त्याचं परीक्षण लिहिलं होतं, त्याची '१९८४' ही कादंबरी आली १९४९ मध्ये. म्हणजे डिस्टोपियाच्या, भयाण भविष्य रंगवणाऱ्या कादंबऱ्यांच्या, घराण्याचा मूळ पुरुष झाम्यातिनच म्हणायला हरकत नाही. मुंबईकरांसाठी खास गंमत अशी की, प्राचीन साहित्यातला सर्वश्रेष्ठ ग्रंथ म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक, असं डी-५०३ अगदी भक्तिभावाने सांगतो. कांजूरमार्गच्या प्लॅटफॉर्मवर, इंडिकेटरकडे बघणाऱ्या गर्दीत उभं राहून मी हे वाचलं.

आता माझा प्रश्न. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. सकाळी दूध आलं की दार उघडायचं ते रात्री अंथरुणं पडली की बंद. संडास गॅलरीच्या टोकाला, त्यामुळे कुणाचं पोट बिघडलंय हेसुद्धा सार्वजनिक. पाळतीचाच हिशेब करायचा तर झाम्यातिनची काचेची घरं आमच्या चाळीपुढे फिकी. तरीही ती चाळ वल्लींनी भरलेली होती. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज संध्याकाळी गॅलरीत आमच्याकडे पाठ करून बसत आणि बुलबुलतरंगावर एकच गाणं वाजवत, तेही अर्धं. पुढचं कडवं त्यांना येत नव्हतं की वाजवायचं नव्हतं, कुणालाही कळलं नाही. लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, पोरांनी नकला केल्या आणि गणपतीच्या कार्यक्रमात दरवर्षी स्टेजवर बसवलं ते त्यांनाच. तिथेही अर्धंच वाजवलं.

म्हणजे नुसत्या बघण्याने माणूस साच्यात बसत नाही. बघणाऱ्याच्या हातात काय आहे, यावर सगळं आहे. चाळीचे डोळे फार तर तोंड सोडायचे. काचेच्या घरांवर नजर ठेवणारे सरकारी पहारेकरी थेट मृत्युदंडाच्या यंत्राखाली नेतात.

दुसरं टोक ब्रॅडबरीचं. 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) म्हटलं की सगळे पुस्तकं जाळण्याबद्दल बोलतात. मला त्यातला एक लहानसा उल्लेख जास्त छळतो. क्लॅरिस नावाची मुलगी सांगते, पूर्वी घरांना पुढे ओसरी असायची. लोक संध्याकाळी तिथे बसायचे, वाटलं तर बोलायचे, नाहीतर नुसते झुलत बसायचे. मग ओसऱ्या गेल्या. वास्तुरचनाकार म्हणाले, दिसायला बरं दिसत नाही. खरं कारण हे की, लोकांनी असं रिकामं बसून बोलणं कुणालातरी नको होतं.

रिडेव्हलपमेंटच्या नकाशात आमची गॅलरी गेली तेव्हा मला हे आठवलं. सोय झाली, संडास घरात आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिस्टोपियातला 'मी' नेमका कशाने मरतो, सतत कुणीतरी बघत असल्यामुळे की कुणीच बघत नसल्यामुळे? इथल्या वाचणाऱ्या मंडळींना काय वाटतं?

एक कटिंग

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

खिडकीजवळची

लेख आवडला, मुद्दा अजिबात पटला नाही.

तुमचे बुलबुलतरंगवाले पुरुष होते, म्हणून वल्ली. त्याच गॅलरीत एखादी बाई रोज संध्याकाळी लोकांकडे पाठ करून बसली असती तर तिला काय म्हटलं असतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी दादरच्या चाळीत वाढले. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळी असायची. जिन्यावर माझी चप्पल वाजली की गॅलरीतल्या गप्पांचा आवाज खाली यायचा, मी दारात पोचेपर्यंत खालीच राहायचा आणि कडी लागली की परत वर. कुणी कधी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आई चहा ओतताना म्हणायची, "समोरच्या काकू विचारत होत्या." काय विचारत होत्या ते ती सांगायची नाही आणि मीही विचारायची नाही. त्या वर्षी मी दोन ड्रेस घालायचे सोडले. सक्ती कुणी केली? कुणीच नाही.

तुम्ही म्हणता चाळीचे डोळे फार तर तोंड सोडायचे. शिक्षा म्हणजे फक्त यंत्र आणि तुरुंग असं धरलं तरच हे खरं. लग्न न ठरणं ही शिक्षा नाही का?

ॲटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) हे नीट आलंय. बंदुकावाले बाहेर असतात. मुलींना वळण लावण्याचं काम 'आंट' लोकांकडे, म्हणजे बायकांकडेच आहे. जनीन नावाच्या मुलीला गोलात बसवून तिच्यावर झालेल्या बलात्काराची कहाणी सांगायला लावतात आणि बाकीच्या मुली एका सुरात ओरडतात, चूक तिचीच. पुढच्या खेपेला जनीन स्वतःच म्हणते, चूक माझीच. मानवी इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही, हा ॲटवुडचा नियम होता. त्या गोलात बसायला मला कल्पनाशक्ती लागली नाही.

नाईट शिफ्ट

दोघांच्याही अलीकडचं माझं. टॉवरमध्ये भाड्याने राहतो. चाळ फक्त सिनेमात बघितली आहे.

आमच्याकडे गेटवर प्रत्येक येणाऱ्याचा फोटो निघतो, ॲपवर 'अप्रूव्ह' दाबल्याशिवाय पिझ्झासुद्धा वर येत नाही. लिफ्टमध्ये कॅमेरा, पार्किंगमध्ये कॅमेरा. आणि मजल्यावर मला नावाने ओळखणारं एकही माणूस नाही. सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव १४०३. "१४०३, गाडी हलवा." "१४०३, बाल्कनीत टॉवेल दिसतोय." टॉवेल वाळत घालायचा नाही, कारण इमारतीचं एलेव्हेशन बिघडतं. ग्रिल एकाच रंगाची, दारावरची पाटी एकाच फॉन्टमध्ये. बॅचलर भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणे नकोत, असा ठराव पास झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत तीन बॅचलर मालक होते!

म्हणजे पोटमाळांच्या प्रश्नाला माझं उत्तर: दोन्ही एकदम. बघतात सगळे, ओळखत कुणीच नाही. डी-५०३ला निदान शेजारच्यांचे नंबर तरी पाठ होते.

अंधेरी ईस्ट

इतका काथ्याकूट कशाला? आयन रँडने १९३८ मध्ये 'अँथम'मध्ये सरळ सांगून टाकलंय. तिथे लोक स्वतःलाही 'आम्ही' म्हणतात, 'मी' हा शब्दच पुसून टाकलेला आहे. नायक विजेचा दिवा शोधून काढतो तर विद्वानांची सभा घाबरते, कारण सगळ्यांना एकदम न सुचलेली गोष्ट खोटीच असणार. उपाय एकच, कळपातून बाहेर पडा. चाळ कमिटी, सोसायटी कमिटी, युनियन, मंडळ, सगळ्यांची जात एक. 'आम्ही' आलं की 'मी' गेला.

लालबागचा काका

अंधेरी ईस्ट, तुमचं वय मला माहीत नाही, पण युनियनला त्या यादीत बसवलंत म्हणून लिहायला बसलो.

'वुई'मध्ये ज्याला देवासारखं पुजतात तो टेलर खरा माणूस. अमेरिकन इंजिनिअर. कामगाराच्या हाताची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजायची आणि फालतू हालचाल काढून टाकायची, हे त्याचं शास्त्र. १९११ साली त्याचं पुस्तक आलं. असल्या विचारांचं वारं मुंबईत यायला फार वेळ लागला नाही. विसाच्या दशकात सासून गटाच्या गिरण्यांनी विणकराला दोनाऐवजी तीन माग बघायला लावायची पद्धत आणली. १९२८ मध्ये गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, त्यामागच्या मोठ्या कारणांत हे एक. गिरणी कामगार युनियन त्यातच उभी राहिली.

आता मला सांगा, इथे कळप कोण आणि 'मी' कोण? माणसाला मागाचा सुटा भाग करायला निघाला होता तो मालक. मी माणूस आहे, माझे हात दोनच आहेत, हे म्हणायला हजारो लोकांना एकत्र बाहेर पडावं लागलं. एकट्याने म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी बदली कामगार उभा. तुमच्या रँडबाईंचा नायक जंगलात जातो, तिथे त्याला पुस्तकांनी भरलेलं रिकामं घर आयतं मिळतं. परळला असं घर कुणाला मिळालं नाही.

परळच्याच चाळीतल्या एका खोलीत अख्खं कुटुंब झोपायचं, म्हणून रामजी आंबेडकर मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे. एकांत असाही मिळवता येतो, दुसऱ्याने आपली झोप दिली तर. तो मुलगा पुढे कुणाच्या साच्यात बसला नाही, हे सांगायला नको.

संपात दडपण नव्हतं असं मी म्हणणार नाही. कामावर जाणाऱ्याच्या दारात काय काय व्हायचं ते मी पोरवयात बघितलंय आणि ते सगळं सांगण्यासारखं नाही. पण सगळ्या 'आम्ही'ची जात एक नाही.

एक कटिंग

काका +१११. पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

तिसरी घंटा

आपल्याकडची डिस्टोपिया शोधायला रशियाला कशाला जायचं? तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७. भविष्यकाळ नाही, यंत्रं नाहीत, हुकूमशहा नाही. मुंबईची एक हौशी नाटक मंडळी प्रयोगासाठी एका गावात येते, वेळ जात नाही म्हणून खोटा खटला खेळते आणि आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करते. शाळेत शिकवणारी, एकटी, मोठ्याने हसणारी बाई. आरोप भ्रूणहत्येचा, गमतीत. दुसऱ्या अंकापर्यंत गंमत कुठे संपली ते प्रेक्षकालाही सांगता येत नाही. साक्षीदार म्हणून जो तो तिचं खासगी आयुष्य आणून टेबलावर ठेवतो. ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे हे सगळं, ते आलेलेच नाहीत, त्यांची खुर्ची रिकामी.

मला हे '१९८४'पेक्षा जास्त अंगावर येतं, कारण इथे खटला चालवणाऱ्यांना कुणी नेमलेलं नाही. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, सगळे आपापल्या जागी फसलेले लोक. सुखात्म्यांची वकिली चालत नाही, पोंक्षे शास्त्रज्ञ व्हायला निघाले आणि नापास झाले. स्वतः साच्यात दाबली गेलेली माणसं साचा सगळ्यात जोरात दाबतात. हक्स्लेचा बर्नार्ड मार्क्स याच कुळातला. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) सुरुवातीला तो बंडखोर वाटतो, पण त्याचं दुःख एवढंच की त्याच्या वर्गाच्या मानाने तो बुटका आहे. बाहेरच्या जगातून आणलेल्या जॉनमुळे चार लोक विचारायला लागल्याबरोबर याला व्यवस्था गोड लागते. मित्र हेल्महोल्ट्झचं तसं नाही. त्याच्यात सगळं भरपूर आहे आणि तरी त्याला काहीतरी म्हणायचंय. हद्दपारीसाठी बेट निवडायला सांगतात तेव्हा तो वाईट हवेचं बेट मागतो, लिहायला बरं म्हणून. (अवांतर: मुंबईसुद्धा सात बेटंच. गावाला नकोशी झालेली किती माणसं इथे येऊन जगली!)

आणि बेणारेचं शेवटचं लांबलचक स्वगत आठवा. ती पोटातलं सगळं बोलते आणि त्या वेळी बाकीची पात्रं जागच्या जागी थिजलेली असतात. प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. बोलायला बंदी नाही, कान नाहीत. पोटमाळा, तुमच्या 'कुणीच बघत नसल्यामुळे?'चं उत्तर कदाचित इथे सापडेल.

कोर्टाची पायरी

खिडकीजवळची यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, २०१६चा, लागू २०१७ पासून. जातपंचायतीने किंवा गावकीने एखाद्याला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. शेजारी बोलणं बंद करतात, दुकानदार सामान देत नाही, मयताला कुणी येत नाही, हे सगळं प्रत्यक्षात चालतं म्हणूनच तो करावा लागला. कादंबरीत सरकार माणसाला साच्यात घालतं आणि समाज बिचारा असतो. इथे उलटं, समाजाच्या हातातून एकट्या माणसाला सोडवायला सरकारला यावं लागलं. डिस्टोपिया वाचताना हा कोपरा सुटतो.

मुलुंड फास्ट

मर्ढेकर कुणालाच आठवले नाहीत?

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण

हक्स्ले आणि ब्रॅडबरीच्या जगात मान मुरगळावी लागतच नाही. बस, एवढंच.

पोटमाळा

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या हातातून गेला आहे आणि बरंच झालं.

मुलुंड फास्ट, ब्रॅडबरीचा कॅप्टन बीटी, म्हणजे पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्यांचा प्रमुख, नेमकं हेच सांगतो. पुस्तकांवर बंदी वरून आली नाही म्हणतो. आधी लोकांनीच पुस्तकं आखूड करून मागितली, मग सारांश, मग सारांशाचा सारांश, आणि कुणालाही कशाचाही त्रास होऊ नये म्हणून सगळं गुळगुळीत. बंबवाले शेवटी आले. बीटी खलनायक आहे, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहेच. पण क्लॅरिसच्या शाळेतही तेच चाललेलं दिसतं. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात, कारण ती मिसळत नाही, आणि मिसळणं म्हणजे काय तर वर्गात शेजारी शेजारी बसून न बोलता पडदा बघणं. शेजारच्याशी गप्पा मारणारी ती एकटी, आणि माणूसघाणी ठरते तीच.

तिसरी घंटा यांच्या 'कान नाहीत'वरून आता मला वाटतं, या कादंबऱ्यांतला 'मी' एकांतात फारसा जन्मतच नाही. त्याच बंबवाल्यांपैकी एक असलेल्या माँटॅगला क्लॅरिस विचारते, तुम्ही सुखी आहात का, आणि तिथून त्याचं सगळं उसवतं. डी-५०३ला बंडखोर आय-३३० भेटावी लागते. '१९८४'चा विन्स्टन घरात पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनला न दिसणाऱ्या कोनाड्यात बसून डायरी एकटाच सुरू करतो, पण ती कोणासाठी लिहायची, यावर तिथल्या तिथे अडतो. आणि शेवटी यंत्रणा तोडते ती नेमकी हीच जोडी. डी-५०३ची कल्पनाशक्ती शस्त्रक्रिया करून काढून टाकतात, मग आय-३३०चे हाल तो शांतपणे बघत बसतो. काकांनी सांगितलेली रात्री दोनची गोष्ट मला म्हणून मोलाची वाटली. तिथे जागा नव्हती, दुसरा माणूस होता.

खिडकीजवळची, तुमची चप्पल आणि माझं बुलबुलतरंग एकाच प्रकारच्या गॅलरीत वाजत होतं, हे मला नाकारता येत नाही.

खिडकीजवळची

'दुसरा माणूस' म्हणजे आपोआप आधार, असं मात्र करू नका. झाम्यातिनबद्दल एक सांगते. 'वुई'च्या आधी, १९१६-१७ मध्ये, तो रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घ्यायला इंग्लंडात न्यूकॅसलला होता. तिथल्या सभ्य वस्तीवर त्याने 'आयलंडर्स' नावाची लघुकादंबरी लिहिली. त्यात एक पाद्री आहे. जेवण, पश्चात्ताप, दानधर्म, बायकोशी जवळीक, सगळ्याचं त्याचं वेळापत्रक, आणि सगळ्या जगाला तसंच सक्तीने मोक्षाला न्यायचा त्याचा बेत. म्हणजे 'वुई'तल्या तक्त्याचं बी हुकूमशहाच्या कचेरीत पडलं नव्हतं, नीटनेटक्या पडद्यांच्या गल्लीत पडलं होतं. समोरच्या काकूंच्या गल्लीत. त्या काकूही 'दुसरा माणूस'च होत्या, आणि आई आजारी पडली तेव्हा महिनाभर डबा त्यांनीच दिला. या दोन गोष्टी मला अजून एकत्र बसवता आलेल्या नाहीत.

नाईट शिफ्ट

एक शंका. '१९८४'मध्ये लोकसंख्येच्या ८५ टक्के प्रोल्स, म्हणजे कष्टकरी लोक, आहेत आणि त्यांच्यावर फारशी पाळतच नाही. ते भांडतात, लॉटरी घेतात, दोरीवर कपडे वाळत घालताना गातात. म्हणजे चाळ! मग साच्याचा त्रास फक्त सत्ताधारी पक्षाच्या खालच्या फळीतल्या बाबू लोकांना? आपण इथे जे बोलतोय तो मध्यमवर्गाचाच आजार आहे का?

पोटमाळा

प्रोल्सना मोकळं सोडलंय कारण त्यांना मोजतच नाहीत. ते स्वातंत्र्य घ्यायला मी तयार होणार नाही. पण त्यातला पबमधला म्हातारा आठवतोय? विन्स्टन त्याला विचारतो, क्रांतीआधी आयुष्य बरं होतं की वाईट. त्याला इतिहास हवा असतो. म्हातारा सांगतो उंच टोप्यांबद्दल, आणि कुरकुरतो की बिअर आता लिटरच्या मापात मिळते, अर्धा लिटर पुरत नाही, पूर्ण लिटर जास्त होतो, मला पाइंटच पाहिजे. विन्स्टन वैतागून उठतो, याच्याकडून काही कळणार नाही म्हणून. मला उलट वाटतं. सगळ्या देशाने माप बदललं तरी माझी तहान एवढीच आहे असं म्हणणारा त्या पुस्तकात तो एकच माणूस आहे, आणि विन्स्टनला तो ऐकूच येत नाही.

तिसरी घंटा

असहमत. मापावरची कुरकूर पक्षाला चालते, म्हणून तर म्हाताऱ्याला कुणी हात लावत नाही. हात लावतात विन्स्टनच्या शेजारी राहणाऱ्या पार्सन्सला, ज्याने आयुष्यात कधी कुरकूर केली नाही. तो झोपेत तिथल्या हुकूमशहाविरुद्ध 'मोठा भाऊ मुर्दाबाद' बरळतो, सात वर्षांची पोरगी किल्लीच्या भोकातून ऐकते आणि गस्तवाल्यांना सांगून येते. आणि कोठडीत हा विन्स्टनला काय सांगतो, तर पोरीचा अभिमान वाटतो. 'मी' शोधायचाच असेल तर त्या बरळण्यात शोधा, पाइंटात नको.